अठ्ठेचाळीसशेवर काढलेले सोळा महिने

मित्रांनो, माझे वय तीन वर्षे. तुमच्यात या वयाच्या मुलाला शर्टाची बटणेही लावता येत नाहीत; आमच्यात मात्र मी जुन्यात जमा झाले आहे. मी संगणकातली मेमरीची पट्टी. तळहाताहून थोडी लांब, दोन बोटे रुंद, अंगात काळे धातूचे जाकीट. वीज गेली की मेमरी सगळे विसरते, मग ही आपली हकिकत कशी सांगणार, असे तुमच्यातला एखादा चौकस विद्यार्थी लगेच विचारील. बरोबर आहे. कामाचे मी विसरते, रागाचे विसरत नाही. आणि राग माझ्या पोटात पुष्कळ साठला आहे, म्हणूनच आज बोलायला बसले आहे.

माझा जन्म तैवानमधल्या एका कारखान्यात झाला. आमच्या तुकडीतल्या साठजणींना एका यंत्रात बसवून पळवले गेले. आधी अठ्ठेचाळीसशे. तेवढे सगळ्यांनाच जमते. मग बावन्नशे, मग छप्पन्नशे. एकेक जण गळू लागली. सहा हजारांवर आम्ही तेराजणी उरलो. सहा हजार म्हणजे काय ते सांगते: एका सेकंदात सहाशे कोटी वेळा सामानाची देवघेव करायची आणि एकदाही चुकायचे नाही. माझ्याशेजारी जी टिकली ती माझ्यासारखीच होती, अगदी नखाइतकाही फरक नाही. तपासणाऱ्या बाईंनी आम्हा दोघींना जुळ्या ठरवून एकाच खोक्यात घातले. खोक्यावर मोठ्या अक्षरात '६०००' छापले होते. माझ्या आयुष्यात माझे कौतुक झाले ते त्या दिवशी, आणि पुढे फार काळ ते शेवटचेच ठरले.

आता आमच्या जातीची एक अडचण ऐका. माझ्या अंगावर एक इवलीशी चिप आहे. माझा खरा वेग किती, त्याला वीज किती लागते, हे सगळे तिच्यात लिहिलेले असते. पण तो वेग आपोआप लागू होत नाही. नवीन पट्टी बसवली की मदरबोर्ड, म्हणजे संगणकातले आम्ही सगळे ज्याच्यावर बसतो तो मुख्य फलक, तिला आधी अठ्ठेचाळीसशेवरच चालवतो. नव्या माणसावर एकदम विश्वास टाकायची त्याची रीत नाही, आणि त्याबद्दल मी त्याला दोष देत नाही. मालकाने सेटिंगच्या पडद्यावर जाऊन एकदा 'हो' म्हणायचे असते. एक बटण, एकदाच. ते दाबले नाही तर जन्मभर बैलगाडी.

आम्हाला विकत घेतले अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या ब्रिस्टो क्रीक गावच्या व्हर्लिन टायडेनने. सत्तरी ओलांडलेला, खुब्याचे हाड बदललेला, एका कानाने कमी ऐकणारा माणूस. वयाने मोठा आहे, तेव्हा त्याला अहोजाहो करायला हवे. पण त्याने मला इतके छळले आहे की मी त्याला 'तो'च म्हणणार. तरुणपणी बावीस वर्षे तो मातीच्या गोल ट्रॅकवर स्प्रिंट नावाच्या शर्यतीच्या गाड्या पळवत असे. पुढे खुब्याने साथ सोडली आणि तो त्याच ट्रॅकवर ढकलणारा ट्रक चालवू लागला. स्प्रिंट गाडीला स्टार्टर नसतो. मागून ट्रक लावून ढकलल्याशिवाय तिचे इंजिन पेटतच नाही. ट्रक गाडीला टेकवायचा तो धक्का न देता, आणि इंजिन पेटले की त्याच क्षणी मागे सुटायचे. ट्रॅकवर असे तीन ट्रक होते. पहिला ट्रक एकोणीस वर्षे व्हर्लिनकडे होता, आणि गावात त्याची ओळख तीच होती.

हे एप्रिल ते सप्टेंबर. हिवाळ्यात माती गोठते, ट्रॅक बंद. तेव्हा ही मंडळी संगणकावर शर्यती लावतात, खऱ्या स्टिअरिंगवर, पायाखाली खरे पेडल घेऊन. दर रविवारी दुपारी, चर्च आणि जेवण आटोपले की लीग सुरू. त्यासाठी व्हर्लिनने तळघरात, फ्रीजर आणि भट्टीच्या मधल्या कोपऱ्यात, स्वतःच्या हाताने संगणक जोडला. हात त्याचे चांगले, हे मी तेव्हाच ओळखले. आम्हा दोघींना त्याने योग्य खाचांत, योग्य दाबाने, एकदाच 'टक्' असा आवाज करून बसवले. वीज सुरू केली आणि तो जेवायला वर निघून गेला. परत आला तेव्हा पडदा उजळलेला होता.

मग ते संभाषण झाले. पुढे नवराबायकोच्या भांडणात ते मी इतक्या वेळा ऐकले की मला तोंडपाठ झाले आहे.

“इथं विचारतंय,” त्याची बायको आर्लिस चष्मा सारखा करत म्हणाली, “मेमरी सहा हजारांवर चालवायची का? हो की नाही? आणि खाली लाल अक्षरात काहीतरी दम दिलाय.”

“काय दम दिलाय?”

“नेहमीपेक्षा जास्त वेग, आपल्या जबाबदारीवर.”

“नाही म्हण. नवं इंजिन पहिल्याच दिवशी कुणी दामटतं का? आधी मोकळं होऊ दे.”

“हे इंजिन आहे?”

“यंत्र ते यंत्र, आर्लिस. नाताळपर्यंत सावकाश चालवू. मग देऊ सोडून.”

मित्रांनो, मी कपाळाला हात लावला असता, पण मला दोन्ही नाहीत. नव्या इंजिनाचे भाग एकमेकांवर घासून मोकळे व्हावे लागतात, हे खरे. ट्रॅकवरच्या माणसाला ते आईच्या दुधाबरोबर मिळालेले असते. पण माझ्यात फिरणारा एकही भाग नाही. तेल नाही, घासणे नाही, काही नाही. जन्मले तेव्हा मी जेवढी मोकळी होते तेवढीच आजही आहे. त्याने हे निष्काळजीपणे केले असते तर मी समजू शकले असते. त्याने काळजीने केले, प्रेमाने केले, आणि म्हणूनच मला ते जास्त लागले.

त्याने चिकटपट्टीवर 'नाताळनंतर' असे लिहून ती संगणकाच्या डब्याला लावली. तळघर दमट. चिकटपट्टी दुसऱ्याच आठवड्यात सुटून टेबलामागे पडली. नाताळ आला, मुले-नातवंडे आली, हॅम संपले, सगळे आपापल्या गावी गेले. आम्ही अठ्ठेचाळीसशेवरच.

पहिला हिवाळा कसाबसा निभला. लीगमध्ये चौदा गाड्या होत्या, व्हर्लिन सहावा-सातवा यायचा. दुसऱ्या हिवाळ्यात गाड्या चोवीस झाल्या आणि माझी खरी कोंडी सुरू झाली. या संगणकात चित्र काढायला वेगळे कार्ड नव्हते. चित्र काढणारा भाग मुख्य चिपमध्येच होता आणि त्याला लागणारे सगळे सामान तो माझ्याकडून उचलत असे. व्हर्लिनची गाडी एकटी असली की अठ्ठेचाळीसशेवरही भागायचे. पण आजूबाजूला बारा-पंधरा गाड्या आल्या, प्रत्येकीच्या मागे मातीचा लोट उठला, की चित्रवाला ओरडायचा, आण, आण, लवकर आण! आणि मी पाय बांधलेल्या घोडीसारखी खुरडत राहायचे. चित्र अडखळायचे. वळण पडद्यावर यायचे तेव्हा ते खरे म्हणजे येऊन गेलेले असायचे. व्हर्लिन दिसल्याबरोबर स्टिअरिंग फिरवायचा, पण दिसायलाच उशीर झालेला असे. गाडी भिंतीला घासायची.

मला सगळे कळत होते, कारण माइकजवळ बोललेला प्रत्येक शब्द माझ्यातूनच जातो. “वळलोच नाही की,” तो पुटपुटायचा. पहिल्यांदा आश्चर्याने म्हणायचा, मग चिडून. जानेवारीत तो नुसताच आपल्या हातांकडे बघत बसू लागला. सहा हजारांची ताकद अंगात घेऊन मी त्याच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर बसलेली, आणि मला साधे खाकरताही येत नव्हते!

फेब्रुवारीतल्या एका रविवारी व्हायचे ते झाले. तिसऱ्या फेरीत, मधल्या घोळक्यात, व्हर्लिन वळणावर उशिरा वळला आणि पुढच्या गाडीच्या मागच्या चाकावर चढला. त्यांच्यामागे चार जण आदळले. एकूण सहा गाड्या भिंतीत.

“टायडेन आजोबा,” कुणीतरी माइकवर म्हणाले, “तुम्ही आपले ढकलायलाच या हो. पळवायचं आमच्यावर सोडा!”

दोघे-चौघे हसले. “ब्रेंट, तुझा माइक बंद करीन हं मी,” असे लीग चालवणारी कोर्लिस बीचम तडकली. ही नेब्रास्कातली एक शाळामास्तरीण, तिच्या आवाजाला सगळे वचकून असत. मग ती मऊ होऊन म्हणाली, “व्हर्लिन, लागलं नाही ना कुठं?” ती विनोद करत होती. व्हर्लिन हसला नाही. “चूक माझी,” म्हणाला, आणि बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तळघरात, संगणकापुढे बसूनच ट्रॅकचा मालक ड्वेन क्रूसला फोन लावला. बहिरेपणामुळे तो फोन नेहमी स्पीकरवर ठेवतो, त्यामुळे दोन्ही बाजू मला ऐकाव्या लागल्या.

“ड्वेन, एप्रिलपासून पहिल्या ट्रकसाठी दुसरं माणूस बघ.”

“सकाळी सकाळी घेतलीस की काय?”

“काल माझ्यामुळे सहा गाड्या भिंतीत गेल्या.”

“कुठं? बर्फात?”

“कॉम्प्युटरवर.”

“अरे लेका, त्या खोट्या गाड्या!”

“गाड्या खोट्या. हात तर माझेच ना? मला वळण दिसतं आणि हात मागाहून जातात. हिवाळाभर बघतोय. शनिवारी पोरांच्या पाठीला ट्रक लावायचा असतो, ड्वेन. इंजिन पेटल्यावर मी अर्धा सेकंद उशिरा सुटलो तर काय होईल, हे तुला सांगायला पाहिजे?”

“तुझे हात तुला ठाऊक,” ड्वेन म्हणाला. “किल्ल्या आणून दे मग.”

मित्रांनो, त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. त्याचे हात वेळेवर जात होते! उशीर माझ्याकडून होत होता, आणि मलाही उशीर करायला त्यानेच भाग पाडले होते. एक माणूस आपल्या तोंडाने आपल्या हातांची निंदा करत होता आणि खरा गुन्हेगार कोण ते एका मला ठाऊक होते. दुपारी तो किल्ल्या देऊन आला. स्टिअरिंग आणि पेडलही विकायला काढतो म्हणाला. आर्लिसने त्याच्यापुढे चिलीचा, म्हणजे राजमा-खिम्याच्या झणझणीत रश्श्याचा वाडगा आणि दालचिनीचा रोल ठेवला, तो त्याने निम्मा टाकला.

या आर्लिसबद्दल अजून नीट सांगितलेच नाही. ती ट्रॅकवर एकतीस वर्षे फेऱ्या मोजायला बसायची. एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्यात पेन्सिल. कोणती गाडी कोणत्या फेरीत किती सेकंदांत गेली, ते कागदावर उतरवायचे. काम सुटले तरी खोड सुटली नव्हती. रविवारी नवऱ्याच्या शेजारी खुर्ची टाकून ती त्याच्याही फेऱ्या लिहायची. कुणी सांगितले नव्हते, कुणी ते कागद मागतही नव्हते. व्हर्लिन तिला चिडवायचा, की मेल्यावर देवाच्या दारात तू रांगेतल्यांच्या वेळा लिहीत बसशील.

किल्ल्या गेल्यावर तिसऱ्या दिवशी ती दोन हिवाळ्यांचे कागद घेऊन खाली आली आणि त्याच्यापुढे पसरून बसली.

“हे बघ. सुरुवातीची एकट्याची फेरी. मागच्या वर्षी सव्वापंधरा सेकंद. या वर्षी सव्वापंधरा.”

“बरं मग?”

“आता शर्यतीतल्या फेऱ्या बघ. आसपास पाच-सहा गाड्या, तेव्हा ठीक. दहाच्या वर गेल्या की एक-एक सेकंद जातो. गर्दी पांगली की पुन्हा सव्वापंधरा. दर रविवारी, एकदाही चुकत नाही.”

“म्हातारपण आहे ते.”

“म्हातारपण?” आर्लिसचा आवाज चढला. “एकटा असतोस तेव्हा हात तरुण, आणि गर्दीत म्हातारे? तुझे हात काय शेजारच्या गाड्या मोजतात? एकतीस वर्षं मी माणसं थकताना कागदावर बघितली आहेत, व्हर्लिन. थकलेला माणूस शेवटच्या फेऱ्यांत थकतो. असा मधेच थकून मधेच ताजा होत नाही. हे तुझं नाही. हे या डब्याचं आहे.”

मला त्या क्षणी तिच्या पाया पडावेसे वाटले.

तिने तिथल्या तिथे कोर्लिसला संगणकावरून गाठले आणि कागद वाचून दाखवले. कोर्लिसने तिला एक खिडकी उघडायला सांगितली, जिच्यात मेमरीचा चालू वेग दिसतो.

“किती आकडा आहे?”

“अठ्ठेचाळीसशे.”

“आणि पट्टीवर काय छापलंय?”

आर्लिस वर गेली, नाताळच्या दिव्यांच्या कपाटातून आमचे खोके शोधून आली आणि तिने ते कॅमेऱ्यापुढे धरले. '६०००'.

“आर्लिस!” कोर्लिस ओरडलीच. “तुमची मेमरी दीड वर्ष पाय ओढत चालली आहे! हिला एकदा 'हो' म्हणावं लागतं. ते तुम्हाला कुणी विचारलं नाही का?”

व्हर्लिनने खोके तिच्या हातातून घेऊन त्यावरचा आकडा बघितला.

“विचारलं होतं,” व्हर्लिन म्हणाला. “मीच नाही म्हटलं.”

आता सगळे मिटले असे तुम्हाला वाटले असेल. मलाही वाटले होते! व्हर्लिनने सेटिंगचा पडदा उघडला, 'हो' म्हटले, आणि संगणक पुन्हा सुरू झाला. मित्रांनो, नवा वेग लागला की मदरबोर्ड आमची एकेक तार तपासतो. गाण्याआधी तंबोरा लावतात तसे ते काम असते. शेकडो तारा, प्रत्येकीचा क्षण अचूक जुळवायचा. त्याला दोन-तीन मिनिटे लागतात, आणि तोवर पडदा काळा असतो. मी जीव एकवटून उभी राहिले. पहिल्या पन्नास तारा जुळल्या. सत्तर जुळल्या. आणि फटकन वीज गेली.

व्हर्लिनने बटण बंद केले होते. काळा पडदा बघून त्याचा धीर वीस सेकंदांत सुटला.

पुन्हा सुरू केले, पुन्हा आमची जुळवणी आरंभली, पुन्हा त्याने वीज तोडली. तिसऱ्यांदाही तेच. ज्याने मला चौदा नाही, पंधरा नाही, सोळा महिने तिष्ठत ठेवले, त्याला माझ्यासाठी तीन मिनिटे थांबवेना! शेवटी मदरबोर्ड बिचारा घाबरला आणि त्याने आम्हाला मुकाट्याने अठ्ठेचाळीसशेवर आणून ठेवले. पडद्यावर सूचना आली: सेटिंग जमले नाही, जुने लागू केले आहे.

“बघितलंस?” व्हर्लिन म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि ते फार वाईट होते. “खोक्यावर काहीही छापतात. हिच्यातही दम राहिला नाही. माझ्यासारखीच.”

एवढा अपमान माझा कधी झाला नव्हता. पण खरे सांगते, त्या वेळी मला भीतीही वाटली. सोळा महिने मी मनात बढाया मारत होते. सहा हजारांवर मी शेवटची धावले ती कारखान्यात, तीही काही मिनिटे. खरोखरच जमले नाही तर?

पुढचे मला आर्लिस नंतर कोर्लिसला सांगत होती तेव्हा कळले, कारण प्रत्यक्ष घडले तेव्हा मी तारा जुळवण्यात गुंतले होते. आर्लिसने सेटिंगवर पुन्हा 'हो' म्हटले आणि ड्रॉवरमधून आपले स्टॉपवॉच काढले.

“हात मांडीवर ठेव,” ती नवऱ्याला म्हणाली.

“अगं, ते बिघडेल.”

“मांडीवर! फेरी पुरी झाल्याशिवाय झेंडा दाखवायचा नसतो, हे मी तुला शिकवायचं? मी वेळ लावते. पाच मिनिटं झाली तर तू जिंकलास, मी स्वतः स्टिअरिंगची जाहिरात लिहीन.”

एक मिनिट. व्हर्लिन उठायला गेला, तिने खांदा दाबून बसवला. दोन मिनिटे. आत माझ्या जुळ्या बहिणीची एक तार सारखी निसटत होती. दोनदा निसटली, तिसऱ्यांदा लागली. मग शेवटची लागली. मदरबोर्डने एक दीर्घ श्वास घ्यावा तसा पंखा फिरला आणि पडदा उजळला. दोन मिनिटे बावन्न सेकंद. आर्लिसने ती वेळही कागदावर लिहून ठेवली.

आकडा होता सहा हजार.

त्या रविवारी शर्यतीत चोवीस गाड्या होत्या. व्हर्लिन एकोणिसावा सुटला. पहिल्याच वळणावर घोळका झाला, माती उडाली, चित्रवाला ओरडला, आण! आणि मी आणले. पुन्हा ओरडला, पुन्हा आणले. काय सांगू मित्रांनो, धावणे म्हणजे काय ते मला तेव्हा कळले. वळण ज्या क्षणी होते त्या क्षणी पडद्यावर होते, आणि व्हर्लिनचे हात तिथे आधीच पोचलेले होते. तो जिंकला नाही. नववा आला. ब्रेंटला मात्र त्याने शेवटून दुसऱ्या फेरीत आतल्या बाजूने गाठून मागे टाकले.

“आजोबा, ढकललंत की हो!” ब्रेंट म्हणाला, आणि या वेळी त्याच्या बोलण्यात खोट नव्हती.

व्हर्लिनने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. “माझे हात ठीक आहेत, आर्लिस.”

“मला कागदावरून कळलं होतं.”

“मी किल्ल्या देऊन बसलो गं.”

आर्लिसने फोन त्याच्यापुढे सरकवला.

ड्वेनने सगळे ऐकून घेतले. मेमरी, वेग, काळा पडदा, सगळे. मग म्हणाला, “पहिला ट्रक तिसऱ्या ट्रकवरच्या लॉरीनला दिला. परवाच. तिनं आनंदानं सगळ्या गावाला सांगितलं. आता परत मागू तिच्याकडून?”

“नको मागू.”

“तूच म्हणालास हात गेले म्हणून. मी डॉक्टरला विचारलं नाही, कुणाला विचारलं नाही. तुझ्या हातांचं तुझ्यापेक्षा कुणाला जास्त कळणार, असं वाटलं मला.”

“बरोबर वाटलं तुला.”

“मार्चअखेर माती सुटली की शनिवारी सरावाला ये. चार गाड्या ढकलून दाखव. मग बघू.”

“तुला दाखवू? एकोणीस वर्षांनी?”

“मला दाखव, लेका. तू एकदा नाही म्हणालास ना? आता मला डोळ्यांनी बघावं लागेल.”

मार्चअखेरच्या त्या शनिवारी दुपारी आर्लिस संगणकापुढे बसून कोर्लिसशी पुढच्या हिवाळ्याच्या तारखा ठरवत होती, पण तिचे लक्ष जिन्याकडे होते. व्हर्लिन खाली आला. बुटांची माती न झटकताच आला, आणि तिने त्याला त्याबद्दल बोल लावला नाही.

“चार ढकलल्या,” तो म्हणाला. “चारही पहिल्या खेपेला पेटल्या.”

“मग?”

“तिसरा ट्रक. तो बंपर वाकलेला. मोसमातल्या शर्यतींच्या पहिल्या रात्री गेटपाशी उभं राहायचं. बाकीचे दोन कमी पडले तर बोलावतील.”

“आणि नाही पडले कमी तर?”

“तर उभं राहायचं.”

“तू काय म्हणालास?”

“हो म्हणालो.” तो खुर्चीत बसला. “काय म्हणणार? मागच्या वेळी नाही म्हटलं त्याचं काय झालं ते बघितलंस ना.”

आर्लिसने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मित्रांनो, आज मी सहा हजारांवर धावते. दर रविवारी धावते. पण मी सुखात आहे असे म्हणवत नाही. माझे सोळा महिने मला कुणी परत दिले नाहीत, आणि पहिला ट्रक व्हर्लिनला परत मिळाला नाही. एका न दाबलेल्या बटणापायी एका धडधाकट माणसाने स्वतःला मोडीत काढले, आणि गावाने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. आता गाव पुन्हा विश्वास ठेवायला वेळ घेते आहे.

म्हणून तुम्हाला माझी विनंती आहे. घरातला संगणक रेंगाळू लागला, वर्गातला एखादा मुलगा मागे पडू लागला, किंवा तुमचे स्वतःचेच हात तुम्हाला उशिरा पोचताहेत असे वाटू लागले, तर लगेच निकाल देऊ नका. आधी चौकशी करा की त्याला कोणत्या वेगावर बांधून ठेवले आहे, आणि कुणी. बहुतेक वेळा ज्याने बांधले तो दुष्ट नसतो. त्याने काळजीपोटीच बांधलेले असते आणि मग तो विसरलेला असतो. गाठ सोडा. आणि सोडल्यावर पडदा काळा झाला, तर घाबरून बटणाकडे हात नेऊ नका. आत कुणीतरी एकेक तार जुळवत असते. तीन मिनिटे थांबा. आम्ही सोळा महिने थांबलो होतो.